मण्यावरचे मेण

द्राक्षाच्या मण्यावरची निळसर-पांढुरकी झाक बोटाने पुसता येते आणि पुसलेल्या जागी मणी गडद व चकचकीत दिसू लागतो, हे द्राक्षे खाणाऱ्या प्रत्येकाच्या पाहण्यातले आहे. कोबीची बाहेरची पाने, पिकलेल्या कोहळ्याची साल, ज्वारीचे ताट आणि उसाच्या पेरांलगतचा भाग यांवरही हीच झाक कमीअधिक दाटपणे आढळते. बाजारात पुष्कळ ग्राहक तिला फवारलेल्या औषधाची भुकटी समजतात, काही जण ती यीस्ट असल्याचे सांगतात, आणि बागेशी परिचय नसलेल्याला ती भुरी रोगाची बुरशीही वाटू शकते. फळावर औषधाचे डाग किंवा बुरशी असू शकते हे खरे असले, तरी निरोगी मण्यावर सर्वत्र सारखी पसरलेली झाक मुख्यत्वे मेणाची असते आणि ते मेण वनस्पतीने स्वतःच्या पेशींमध्ये घडवून पृष्ठभागावर आणून ठेवलेले असते. मेण म्हणजे एखादा एकच पदार्थ, फळावर बाहेरून चढलेला एक लेप, अशी जी समजूत रूढ आहे ती बऱ्याच गोंधळाचे मूळ आहे. वनस्पतीचे मेण हे डझनावारी रसायनांचे मिश्रण असते, त्यांतील प्रत्येक घटकाचे काम निराळे असते, आणि हे वेगळेपण ध्यानात घेतल्याशिवाय बेदाणा लवकर का वाळतो किंवा कांद्याच्या पातीवर औषध का टिकत नाही, यांसारख्या रोजच्या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत.

जमिनीवर राहणाऱ्या वनस्पतीपुढची पहिली अडचण पाण्याची असते. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी वनस्पती पाण्याबाहेर पसरू लागल्या, तेव्हापासून कोरड्या हवेत आपल्या ऊतींमधील पाणी राखण्याची गरज त्यांना सतत भासत आली आहे. पानातून बाहेर जाणारे बहुतेक पाणी पर्णरंध्रांतून, म्हणजे उघडझाप होणाऱ्या सूक्ष्म छिद्रांतून जाते आणि त्यावर वनस्पतीचे नियंत्रण असते. परंतु रंध्रे मिटली तरी उरलेल्या विस्तीर्ण पृष्ठभागातून पाणी झिरपत राहिले, तर पान काही तासांतच वाळेल. ही झिरप अडवण्यासाठी सर्वांत बाहेरच्या पेशींवर उपत्वचा नावाचा अखंड पापुद्रा असतो. त्याची जाडी बहुधा मायक्रोमीटरच्या काही दशांशांपासून दहा-पंधरा मायक्रोमीटरपर्यंत असते, आणि एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या पापुद्र्याचा सांगाडा क्युटिन या बहुवारिकाचा, म्हणजे लहान रेणू एकमेकांना साखळीने व जाळीने जोडून बनलेल्या मोठ्या रेणूचा असतो. त्यातील लहान रेणू १६ किंवा १८ कार्बन अणूंची मेदाम्ले असतात. पाणी अडवण्याचे खरे काम मात्र क्युटिन करत नाही. या सांगाड्याच्या आत मुरलेले आणि त्याच्यावर स्फटिकांच्या रूपाने साचलेले मेण ते करते. क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकाने उपत्वचेतील मेण धुऊन काढले, तर तिच्यातून पाणी जाण्याचा वेग अनेक वनस्पतींमध्ये दहापटींपासून शेकडो पटींपर्यंत वाढतो, असे प्रयोगांत आढळले आहे.

मेणाचे मुख्य घटक म्हणजे कार्बनच्या लांब, सरळ साखळ्या. स्वयंपाकाच्या तेलातील मेदाम्लांच्या साखळ्या बहुधा १६ ते १८ कार्बनांच्या असतात. पानावरील मेणात त्या २० पासून ३४ पर्यंत आणि काही वेळा त्याहूनही लांब असतात. साखळीच्या टोकाला किंवा मध्ये काय जोडलेले आहे यावरून तिचा वर्ग ठरतो. टोकाला आम्लगट असेल तर ते मेदाम्ल, ऑक्सिजन व हायड्रोजनची जोडी असेल तर अल्कोहोल, काहीच नसून केवळ कार्बन व हायड्रोजन असतील तर अल्केन, आणि आम्ल व अल्कोहोल यांच्या दोन साखळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या असतील तर एस्टर. मधमाशीच्या मेणात एस्टरांचे प्रमाण मोठे असते आणि मेणबत्तीचे पॅराफिन म्हणजे अल्केनांचे मिश्रण असते. वनस्पतीच्या मेणात हे दोन्ही वर्ग आणि त्यांखेरीज अल्डिहाइड, कीटोन व कड्यांची रचना असलेली ट्रायटर्पीन नावाची संयुगे एकत्र नांदतात. कोणत्या वनस्पतीत कोणता घटक वरचढ असावा याला ठरावीक साचा नाही. ज्वारीच्या ताटावरील पांढऱ्या भुकटीत २८ व ३० कार्बनांची मुक्त मेदाम्ले जवळजवळ सर्व भाग व्यापतात, गव्हाच्या ओंबीवर व पानाच्या आवरणावर बीटा-डायकीटोन नावाची संयुगे निळसर झाक आणतात, सफरचंदात २९ कार्बनांचे अल्केन आणि उर्सोलिक आम्ल हे ट्रायटर्पीन प्रमुख असते, तर कोहळ्यावरील जाड पांढऱ्या थरात आयसोमल्टिफ्लोरेनॉल या ट्रायटर्पीनाचे ॲसिटेट आढळते.

या साखळ्यांच्या लांबीत एक नियमितपणा आहे. मेणातील मेदाम्ले व अल्कोहोले जवळजवळ नेहमी सम संख्येच्या कार्बनांची असतात, म्हणजे २४, २६, २८, ३०. आणि अल्केने विषम संख्येची, म्हणजे २७, २९, ३१, ३३. कोबीच्या पानातील २९ कार्बनांचे नोनाकोसेन हे अल्केन आणि त्याच लांबीचे कीटोन चॅनन व चिबनाल या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९२९ मध्ये वेगळे केले, तेव्हा त्या कीटोनमधील ऑक्सिजन साखळीच्या अगदी मध्यावर, दोन्ही बाजूंना १४-१४ कार्बन ठेवून बसलेला असल्याचे दिसले. एवढी नेमकी रचना कशी तयार होते, या प्रश्नाला उत्तर मिळण्यास आणखी काही दशके जावी लागली. त्यात मोठा वाटा केरळात जन्मलेले आणि अमेरिकेत कार्य केलेले जीवरसायनशास्त्रज्ञ पप्पाचन कोलत्तुकुडी यांचा आहे. १९६० च्या दशकात त्यांनी किरणोत्सारी कार्बनची खूण केलेली मेदाम्ले कोबीवर्गीय वनस्पतींच्या पानांना देऊन ती कोणत्या रेणूंत उतरतात याचा माग काढला. त्यांच्या आणि नंतरच्या संशोधनातून जे चित्र उभे राहिले ते असे की, पेशीतील हरितलवकांसारख्या लवकांमध्ये प्रथम १६ व १८ कार्बनांची मेदाम्ले तयार होतात, ती आंतर्द्रव्य जालिकेत येतात, आणि तेथे विकरांचा एक समूह प्रत्येक फेरीत दोन-दोन कार्बन जोडत साखळी लांबवत नेतो. दोनाने वाढणारी साखळी साहजिकच सम राहते. पुढे काही साखळ्यांच्या आम्लगटाचे अल्कोहोलमध्ये रूपांतर होते आणि संख्या समच राहते. ज्यांच्यापासून अल्केन बनायचे त्या साखळ्या मात्र टोकाचा एक कार्बन गमावतात, म्हणून ३० चे २९ आणि ३२ चे ३१ होतात. कोबीतील कीटोन हे या अल्केनाच्या मध्यावर ऑक्सिजन बसून तयार होते. जव आणि ॲराबिडॉप्सिस या वनस्पतींतील मेण कमी असलेल्या उत्परिवर्तित वाणांमुळे या प्रत्येक पायरीचे जनुक एकेक करून ओळखता आले. तयार झालेले, पाण्यात अजिबात न विरघळणारे हे रेणू पेशीपटलातील वाहक प्रथिनांच्या साहाय्याने बाहेर ढकलले जातात आणि पेशीभित्ती ओलांडून पृष्ठभागी पोचतात.

पृष्ठभागी आल्यावर मेणाला आकार देण्यासाठी पेशीला वेगळे काही करावे लागत नाही. रेणूंच्या रचनेतच आकाराची बीजे असतात. काही रसायने पातळ पत्र्यांसारखे स्फटिक घडवतात, काही काड्यांसारखे, आणि काही चक्क पोकळ नळ्यांसारखे. सूचिपर्णी वृक्षांच्या पानांवरील नळ्या नोनाकोसॅन-१०-ऑल या अल्कोहोलच्या असतात; हे अल्कोहोल द्रावकात विरघळवून काचेवर पुन्हा स्फटिकरूप होऊ दिले तरी नळ्याच तयार होतात, असे येटर आणि रीडरर या जर्मन संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवले. याहून सूक्ष्म गोष्ट अशी की, या रेणूची दोन रूपे संभवतात, जी परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असतात, आणि वनस्पती त्यांपैकी एकच रूप बनवते. दोन्ही रूपांचे मिश्रण घेतले तर नळ्या न बनता पत्रे बनतात. अशा स्फटिकांची मापे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास असल्याने त्यांच्यावर पडणारा प्रकाश विखुरतो आणि निळ्या-जांभळ्या टोकाचा प्रकाश अधिक विखुरतो. काळ्या द्राक्षावरची निळसर झाक हा याचाच परिणाम आहे. ब्ल्यूबेरी या फळाच्या सालीतील रंगद्रव्य गडद तांबडे असूनही फळ निळे दिसते, ते मेणाच्या अव्यवस्थित रचनेमुळे, असे ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये सिद्ध केले. मेण पुसले की निळेपणा जातो.

कमळाचे पान हे या स्फटिकांचे सर्वांत विख्यात उदाहरण होय. पाण्यात राहूनही न भिजणाऱ्या कमळपत्राचा दृष्टांत भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात आला आहे, आणि मराठीत क्षणभंगुरतेला अळवावरच्या पाण्याची उपमा देतात; दोन्हींमागील भौतिकी एकच आहे. बॉन विद्यापीठाचे विल्हेल्म बार्टलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात कमळपत्राची स्वच्छता दोन पातळ्यांवरील खडबडीतपणाशी जोडली. पानाच्या पेशी सूक्ष्म उंचवट्यांसारख्या वर आलेल्या असतात आणि त्यांच्यावर मेणाच्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. पाण्याचा थेंब केवळ या नळ्यांच्या टोकांवर टेकतो, खाली हवा अडकून राहते, आणि थेंब जवळजवळ गोल राहून किंचित उतारावरूनही घरंगळत जातो. जाताना धुळीचे कण व बुरशीचे बीजाणू उचलून नेतो. कमळाच्या मेणात प्रत्येकी दोन अल्कोहोलगट असलेल्या २९ कार्बनी साखळ्यांचे प्रमाण मोठे असते, हे गट शेजारच्या रेणूंना अधिक घट्ट बांधतात, आणि म्हणून ते मेण ९० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते. उन्हात तापणाऱ्या, वाऱ्याने एकमेकांवर घासणाऱ्या पानावर नाजूक नळ्या टिकून राहतात त्या यामुळे.

दिसणारी झाक आणि पाणी अडवण्याची क्षमता या दोन गोष्टी मात्र एकच नव्हेत, आणि येथेच मेणाचे मिश्रण असणे महत्त्वाचे ठरते. सरळ साखळ्या एकमेकींशेजारी दाटीने रचल्या जाऊन स्फटिक बनतात, आणि साखळी जितकी लांब तितकी ही रचना पक्की होते. १६ कार्बनांचे अल्केन १८ अंशांना वितळते, तर २९ कार्बनांचे सुमारे ६४ अंशांना. अशा स्फटिकांतून पाण्याचा रेणू जाऊ शकत नाही. त्याला स्फटिकांमधील विस्कळीत फटींतून, भिंतीतल्या विटांना वळसे घालत चुन्यातून झिरपणाऱ्या ओलीप्रमाणे, लांबचा मार्ग काढावा लागतो. ट्रायटर्पीनांचे कड्यांचे अवजड रेणू या दाटीत नीट बसत नाहीत. टोमॅटोचा एक उत्परिवर्तित वाण असा आहे की ज्यात लांब साखळ्या बनवणारे एक विकर निकामी असते. त्याच्या फळावर अल्केने घटतात आणि ट्रायटर्पीने वाढतात, परंतु या वाढीने उणीव भरून निघत नाही व फळातून पाणी जाण्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. द्राक्षाच्या बाबतीत हाच निष्कर्ष त्याच्याही आधी निघाला होता. द्राक्षाच्या मेणाचा सुमारे दोनतृतीयांश भाग ओलिॲनोलिक आम्ल या ट्रायटर्पीनाचा असतो. ग्रन्चारेविच व रॅडलर यांनी १९६७ मध्ये कृत्रिम पटलांवर मेणाचे घटक एकेक करून पसरून पाहिले, तेव्हा पाणी अडवण्यात हे विपुल आम्ल जवळजवळ निरुपयोगी ठरले आणि अल्पांशाने असलेली अल्केने, अल्कोहोले व अल्डिहाइडे परिणामकारक ठरली. ट्रायटर्पीने निरर्थक असतात असा याचा अर्थ नव्हे, कारण ती उपत्वचेच्या आत मुरून तिला यांत्रिक बळकटी देतात असे मानण्यास आधार आहे; परंतु मेण भरपूर दिसते म्हणून पाणी भरपूर अडते, हा हिशेब त्यामुळे चुकीचा ठरतो.

कोरडवाहू पिकांमध्ये मेणाचे महत्त्व ज्वारीइतके ठळकपणे क्वचितच दिसते. सोलापूर भागातील रब्बी ज्वारी पावसाळा संपल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवरच वाढते, आणि पीक जसजसे फुलोऱ्याकडे जाते तसतशी तिच्या ताटावर व पानांच्या आवरणांवर पांढरी भुकटी दाट होत जाते. सूक्ष्मदर्शकाखाली ही भुकटी म्हणजे बाह्यत्वचेतील विशिष्ट पेशींतून बाहेर आलेले लांब, वेटोळे तंतू असतात. ही भुकटी नसलेले ज्वारीचे वाण प्रयोगासाठी उपलब्ध आहेत, आणि रंध्रे मिटलेली असतानाही त्यांच्यातून अधिक पाणी निसटते, असे तुलनेत दिसून आले आहे. अवर्षणात तगणाऱ्या वाणांची निवड करताना मुळे, पानांचा आकार आणि पीक तयार होण्याचा कालावधी यांच्या बरोबरीने या भुकटीकडेही लक्ष जायला हवे.

जेथे पाणी राखणे नव्हे तर घालवणे हाच हेतू असतो, तेथे मेण हा अडथळा होतो. सांगली जिल्ह्यातील तासगाव, मिरज, जत आणि सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर या भागांतील बेदाणा व्यवसाय या अडथळ्यावर केलेल्या रासायनिक उपायावर उभा आहे. थॉम्पसन सीडलेस किंवा तिच्यापासून निवडलेल्या तास-ए-गणेशसारख्या वाणांच्या मण्यात पाऊण भागाहून अधिक पाणी असते आणि बेदाण्यात ते सुमारे १५ टक्क्यांपर्यंत उतरवायचे असते. मणी तसाच वाळत ठेवला तर उपत्वचेवरील मेणाचे एकावर एक चढलेले पत्रे पाणी रोखून धरतात, वाळवणीला तीन-चार आठवडे लागतात, आणि तेवढ्या अवधीत मण्यातील पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर फेनॉलवर्गीय द्रव्यांवर क्रिया करून माल काळपट तपकिरी करते. म्हणून घड प्रथम एका पायसात, म्हणजे पाणी व तेल यांच्या दुधाळ मिश्रणात (इमल्शनमध्ये), दोन ते चार मिनिटे बुडवले जातात. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर इथाइल ओलिएट, ज्याला बेदाणा उत्पादक डिपिंग ऑइल म्हणतात, असे त्याचे प्रचलित प्रमाण आहे. त्यानंतर सावलीच्या शेडमध्ये जाळ्यांच्या थरांवर माल पसरला की अनुकूल हवेत १२ ते १५ दिवसांत बेदाणा तयार होतो आणि त्याचा हिरवट-पिवळा रंग टिकून राहतो.

या पायसाची कृती तपासली तर वर वर्णिलेली मेणाची रचना अगदी नेमकेपणाने समजते. इथाइल ओलिएट हे ओलिक आम्लाचे एस्टर आहे. ओलिक आम्लाची १८ कार्बनी साखळी मध्यावरील दुहेरी बंधामुळे वाकडी असते, म्हणून ती सरळ साखळ्यांच्या दाट रचनेत बसत नाही आणि सामान्य तापमानाला द्रवच राहते. असा रेणू मेणाच्या पत्र्यांमध्ये शिरला की तेथील सुसंघटित रचना ढिली होते आणि विस्कळीत भाग, म्हणजेच पाण्याचा मार्ग, वाढतो. पोटॅशियम कार्बोनेटाचे अल्कधर्मी द्रावण तेलाचे पायस टिकवून धरते आणि मेणातील मुक्त आम्लांशी संयोग पावून पृष्ठभाग पाण्याला अधिक अनुकूल करते. मेण काढून टाकले जात नाही आणि सालही फाटत नाही. केवळ मेणाच्या अंतर्गत मांडणीत बदल होतो. याउलट कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात मणी बुडवण्याची जुनी रीत सालीला सूक्ष्म भेगा पाडते, त्यांतून गोड रस झिरपतो आणि माल चिकट होतो. भूमध्य सागराच्या काठच्या प्रदेशांत प्राचीन काळापासून द्राक्षे राखेच्या निवळीत ऑलिव्ह तेल घालून बुडवत असत. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते व ऑलिव्ह तेलात ओलिक आम्लाचे प्रमाण सर्वाधिक असते, तेव्हा आजच्या डिपिंगचे दोन्ही मूळ घटक त्या रीतीत होतेच. मेणाचे रसायन कोणाला ठाऊक नसतानाही पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून योग्य ती जोडी हाती लागली, ही गोष्ट आदराने नोंदवण्याजोगी आहे.

खाण्याच्या द्राक्षांत नेमके उलट धोरण असते. निर्यातीच्या मालाची प्रतवारी करणारे मजूर घड देठाला धरूनच हाताळतात, कारण झाक शाबूत असणे हे ताजेपणाचे आणि कमी हाताळणीचे लक्षण मानले जाते.

फवारणीच्या संदर्भात मेण दोन बाजूंनी आड येते. कांद्याची पात आणि कोबीचे पान यांवर नुसत्या पाण्यात कालवलेले औषध थेंबाथेंबाने ओघळून जाते, म्हणून शेतकरी त्यात स्टिकर मिसळतात. स्टिकरातील पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये थेंब पसरवतात, परंतु प्रमाण वाढल्यास मेणाची स्फटिकरचनाही बिघडवतात. दुसरीकडे, मेदात विरघळणारी कीडनाशके मेणाच्या थरात शिरून तेथे साठून राहतात आणि साध्या पाण्याने पूर्णपणे निघत नाहीत. आंतरप्रवाही औषधांना हा थर ओलांडूनच आत जावे लागते.

कांद्याची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. पातीवरील निळसर मेणाचा मुख्य घटक हेन्ट्राएकॉन्टॅन-१६-ओन हे ३१ कार्बनांचे कीटोन असून कोबीप्रमाणेच त्यातही ऑक्सिजन अगदी मध्यावर असतो. नाशिक-पुणे पट्ट्यातील कांदा उत्पादकांना हैराण करणारे फुलकिडे हे मेण दाट असलेली पात पसंत करतात, आणि ज्या वाणांत या कीटोनाचे प्रमाण कमी व पात हिरवी-चकचकीत असते त्यांच्यावर त्यांचा उपद्रव कमी होतो. मेण कमी केले की कीड कमी, एवढ्यावर प्रश्न सुटता तर पैदासकारांचे काम सोपे झाले असते. परंतु तेच मेण पातीवर पाणी साचू देत नाही आणि करप्यासारख्या बुरशीजन्य रोगांच्या बीजाणूंना रुजण्यास लागणारा ओलावा हिरावून घेते. म्हणून मेणाचे एकूण प्रमाण कमी करण्यापेक्षा त्यातील घटकांचे गुणोत्तर बदलण्याकडे संशोधनाचा कल असणे अधिक शहाणपणाचे आहे. बुरशीही मेण वाचू शकते, हे कोलत्तुकुडी यांच्याच गटाने १९९३ मध्ये दाखवले होते. आंब्यावर आणि इतर अनेक फळांवर करपा आणणाऱ्या कोलेटोट्रायकम वंशातील एका बुरशीचे बीजाणू ॲव्होकॅडोच्या मेणाच्या संपर्कात आल्यावरच रुजून सालीला भेदणारा अवयव तयार करतात, आणि त्यांना ही सूचना मेणातील लांब साखळीच्या अल्कोहोलांकडून मिळते. संरक्षणासाठी उभारलेला थर आक्रमकाला आपला यजमान ओळखण्याची खूण पुरवतो.

सफरचंदाच्या सालीवरून चाकूने खरवडलेला पांढरा थर पाहून जी घबराट पसरते, तिच्यातही दोन वेगळ्या मेणांची गल्लत असते. फळाचे स्वतःचे मेण धुताना व ब्रशने घासताना काही अंशी निघून जाते आणि साठवणीत पाणी उडू नये म्हणून व्यापारी त्याच्या जागी दुसरे मेण चढवतात. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार ताज्या फळांवर मधमाशीचे मेण, कार्नौबा मेण किंवा लाखेपासून मिळणारे शेलॅक वापरता येते आणि तसा उल्लेख लेबलावर करावा लागतो. यांतील कार्नौबा हेही पानावरचेच मेण आहे. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय वृक्षाची पाने वाळवून व झोडपून ते मिळवतात, त्यात एस्टरांचे प्रमाण मोठे असते, आणि ८२ ते ८६ अंशांना वितळणारे हे मेण औषधी गोळ्यांना व मोटारींच्या रंगालाही चकाकी देण्यासाठी वापरतात. उसाच्या कांडीवरचे मेण मात्र महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत रस निवळताना उरणाऱ्या प्रेसमड या गाळात जाते व बहुतांशी खताबरोबर शेतात परतते.

झाडाचे पान गळून कुजले तरी मेणातील लांब साखळ्या सहजासहजी कुजत नाहीत. जेफ्री एग्लिंटन व हॅमिल्टन यांनी १९६७ मध्ये पानांवरील मेणांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यानंतर गाळात गाडली गेलेली ही संयुगे प्राचीन वनस्पतींची खूण म्हणून अभ्यासली जाऊ लागली. गाळातील अल्केनांत विषम संख्यांचे प्राबल्य दिसले, तर ती जमिनीवरच्या पानांतून आली असे ओळखता येते, कारण खनिज तेलातील अल्केनांत सम-विषम असा भेद उरलेला नसतो. शिवाय ज्वारी, बाजरी व उष्ण प्रदेशातील गवते कार्बन ज्या पद्धतीने शोषतात ती बहुसंख्य वृक्षांच्या पद्धतीहून वेगळी असल्याने त्यांच्या मेणात जड कार्बनचे, म्हणजे कार्बन-१३ चे प्रमाण अधिक राहते, आणि त्यावरून त्या काळी रानात झाडी जास्त होती की गवत हे सांगता येते.

ही पद्धत गोदावरीच्या मुखासमोर बंगालच्या उपसागराच्या तळातून काढलेल्या गाळाला लावून पाहण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. संशोधकांत जेफ्री एग्लिंटन यांचे पुत्र टिमथी एग्लिंटन हेही होते. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणाऱ्या या नदीच्या खोऱ्याचा जवळजवळ निम्मा भाग महाराष्ट्रात येतो, तेव्हा त्या गाळातील मेणाचा मोठा हिस्सा दख्खनच्या पठारावरील पानांतून आलेला असणार. सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून १७०० वर्षांपूर्वीपर्यंत खोऱ्यातील हवामान टप्प्याटप्प्याने कोरडे होत गेले आणि कोरडेपणा सोसणाऱ्या वनस्पतींचे प्रमाण वाढून तसेच टिकून राहिले, असे त्या मेणावरून दिसते. याच कालखंडाच्या पूर्वार्धात प्रवरेच्या काठी दायमाबाद, जोर्वे आणि नेवासे येथे ताम्रपाषाणयुगातील शेतकऱ्यांच्या वसाहती होत्या, आणि त्यांच्या पिकांच्या व रानाच्या पानांवरील मेणाचा काही अंश समुद्रतळाच्या त्या चिखलात अजूनही शाबूत असण्याचा संभव आहे.